बोरिंगजवळचं सतरावं वाक्य

कोसंबटोलीतल्या लटारू मास्तरला कोणत्याही शाळेने कधी नेमलं नाही, पण मास्तर म्हटलं की टोलीत, म्हणजे त्या जंगलाकाठच्या वस्तीत, दुसरा माणूस कोणाला आठवत नाही. बी.ए. झालं, बी.एड. झालं, मुलाखतीसाठी कोट शिवून झाला. नेमणूक तेवढी राहिली. तो कोट अजून आशाबाईच्या पेटीत आहे. दर उन्हाळ्यात ती तो अंगणात वाळत घालते आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते की नवऱ्यापेक्षा या कोटाने जास्त दिवस ऊन पाहिलं. मास्तर तेव्हा पडवीत पुस्तकात तोंड खुपसून बसतो. पुस्तक उलटं असलं तरी चालतं.

तीन एकर धान आणि पडवीतली शिकवणी, एवढ्यावर त्याचा संसार. नागभीडहून निघालेली एसटी फाट्यावर सोडते, तिथून टोली दोन किलोमीटर आत. तेवढी पायपीट करून दुसरा कोण शिकवायला येणार? म्हणून टोलीतल्या प्रत्येक पोराच्या इंग्रजीवर मास्तरचीच छाप. टोलीतली पोरं 'व्हेरी गुड' म्हणताना मान डावीकडे झुकवतात, कारण मास्तरची मान तशी झुकते.

इंग्रजीतही त्याचा जीव एकाच धड्यावर होता. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. पुस्तकात त्यांना मोडल ऑक्झिलरी म्हणतात. मास्तर त्यांना कारभारी म्हणे. राबायचं काम क्रियापदाचं. कारभारी नुसता शेजारी उभा राहतो आणि ठरवतो की हे करता येतं, की करावं, की करावंच लागेल, की अजिबात करायचं नाही. कारभाऱ्याला एस लावायचा नाही, त्याच्यापुढे 'टू' उभा करायचा नाही. 'ही कॅन्स' किंवा 'शी मस्ट टू गो' असं कोणी म्हटलं की मास्तरच्या चेहऱ्यावर कच्ची चिंच चावल्यासारखं होई. कॅन शिकवायला त्याला मुखरू पुरे. मुखरू म्हणजे फाट्यावरचा चहावाला. तो एका बैठकीत वीस वडे खाऊ शकतो, म्हणून 'मुखरू कॅन ईट ट्वेंटी वडाज'. शुड शिकवायलाही मुखरूच, कारण त्याने वडे कमी खायला हवेत. आणि 'नीड नॉट' व 'मस्ट नॉट' यांतला फरक सांगताना मास्तर खुर्चीतून उठून उभा राही. नीड नॉट गो म्हणजे जायची गरज नाही, गेलास तरी चालेल. मस्ट नॉट गो म्हणजे पाऊल टाकायचं नाही. या दोघांना ज्याने एक धरलं तो मेला, असं तो पोरांना सांगे. तेव्हा गमतीने सांगे.

पडवी पुरेना म्हणून त्याने बोरिंगजवळची समाजमंदिराची मागची भिंत धरली. जुने सेल फोडून काळी भुकटी काढली, भिंत काळी केली आणि रोज संध्याकाळी तिच्यावर एक वाक्य लिहू लागला. वर इंग्रजी, खाली मराठी, बाजूला नंबर, आणि कारभाऱ्याखाली लाल खडूची रेघ. बोरिंगवर पाण्याला रांग लागे. बाया पाण्याचे हंडे, म्हणजे गुंड, खाली ठेवून उभ्या. दुसरं करण्यासारखं काही नाही, म्हणून वाचत. अशी अर्धी टोली उभ्याउभ्या इंग्रजी शिकली.

त्यात बुधरी सगळ्यांत पुढे. ती लालसूची बायको, धानोऱ्याकडून लग्न होऊन आलेली. आली तेव्हा तोंडात नुसती गोंडी. मराठी टोलीने शिकवली, अक्षरं साक्षरतेच्या वर्गाने, आणि इंग्रजी या भिंतीने. तिची वाचायची तऱ्हा अशी की पाण्यात भिजलेलं बोट शब्दाखाली टेकवायचं, शब्द मोठ्याने म्हणायचा, मग बोट पुढच्या शब्दाखाली. ती गुंड डोक्यावर घेऊन निघून गेली तरी भिंतीवर तिचं वाचणं मागे राही. प्रत्येक शब्दाखाली एक ओला ठिपका. आणि जाण्याआधी ती मास्तरला एक प्रश्न न चुकता विचारी.

"मास्तर, हे खरं हाय का धड्यातलं?"

प्रश्न वेडा नव्हता. मागे एकदा मास्तरने विलचा धडा म्हणून 'उद्या एसटी येणार नाही' असं भिंतीवर लिहिलं होतं, आणि अर्धी टोली नागभीडच्या बाजाराला गेलीच नव्हती. एसटी आली, कंडक्टरने रिकाम्या फाट्याकडे पाहिलं आणि गेली. मुखरूने त्या दिवशी एकट्याने किती वडे खाल्ले याचा हिशोब टोलीने ठेवला नाही. तेव्हापासून टोली भिंतीवरचं काहीच खरं धरत नसे, आणि बुधरी विचारल्याशिवाय राहत नसे. मास्तरला तो प्रश्न टोचे. भाषेच्या सौंदर्याबद्दल कोणी बोलेल तर शप्पथ. तरी तो उत्तर देई की धड्यातलं आहे, बुधरीबाई. ती मान हलवून निघून जाई.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, मोहाची फुलं पडायच्या तोंडावर, मास्तरने वाघावरची वाक्यं काढली. त्या दिवसांत जिकडेतिकडे वाघाचीच बोलणी. जिथे भीती जास्त तिथे थट्टाही जास्त, हे मास्तरला आपलं हुकमी साधन वाटलं. पहिलं वाक्य साधं होतं, वाघ पोहू शकतो. पाचवं, वाघ मुखरूकडे चहाला येऊ शकेल. नववं, मुखरूने त्याला बिनसाखरेचा द्यावा. बारावं, वाघाने कप घरून आणायची गरज नाही. रोज संध्याकाळी बोरिंगवर हसू फुटे. मुखरूही कमी नव्हता. तो रोज सकाळी टपरीवर सांगे की मास्तरचा वाघ आलाच नाई, चहा निवला.

सोळा वाक्यं झाली. उरला होता फक्त मस्ट नॉट.

त्या संध्याकाळी मास्तर घाईत होता. नागभीडला आशाबाईच्या भाच्याचं लग्न, शेवटची एसटी गाठायची, आणि आशाबाई नवं लुगडं नेसून अंगणात उभी. तेवढ्यात जंगलखात्याचा गार्ड धनराज मोटारसायकलवर आला. बोडीच्या काठाला वाघीण दिसली, पिल्लं सोबत आहेत, उद्या त्या बाजूला कोणी जाऊ नये, भिंतीवर लिहा आणि थाळी वाजवून सांगा, एवढं बोलून तो पुढच्या टोलीकडे निघाला. बोडी म्हणजे टोलीमागचं लहान तळं. त्याच्या काठाला मोहाची झाडं.

मास्तरने खडू घेतला. आणि इथे खरी गोष्ट सांगायची तर त्याच्या मनात भीती आली नाही. त्याला आनंद झाला. पंधरा दिवस शोधत असलेलं मस्ट नॉटचं जिवंत वाक्य आपल्या पायाने चालत आलं होतं. त्याने बाजूला नंबर टाकला, सतरा. वर इंग्रजी लिहिलं, यू मस्ट नॉट गो टू द बोडी टुमॉरो, देअर इज अ टायग्रेस. खाली मराठी. मस्ट नॉटखाली लाल रेघ, जरा लांबच, कारण वाक्य मनासारखं जमलं होतं. थाळी वाजवायची राहिली. लिहिलं आहे, लोक वाचतील, असं म्हणून त्याने आशाबाईची पिशवी उचलली आणि फाट्याकडे चालू लागला.

लोकांनी वाचलं. मुखरू टपरी बंद करून आला, त्याने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला की मास्तरचा वाघ माह्याकडचा चहा सोडून बोडीवर पानी प्याले गेला. सगळी रांग हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्नाच्या पंगतीत मास्तरच्या पानात बुंदी पडत असताना फोन आला. बुधरीचं मोह वेचायचं झाड बोडीच्या काठालाच. ती उजाडताच सगळ्यांच्या आधी गेली होती. झाडाखालचा पाचोळा जाळून झाला होता, झाडून झालं होतं, टोपली अर्धी भरली होती. वेचणारं माणूस वाकलेलं असतं. वाकलेल्या माणसाला मागचं दिसत नाही.

टोलीने मास्तरला काही म्हटलं नाही. टोली तोंडावर म्हणतच नाही. मुखरूच्या टपरीवर म्हणते, आणि त्या खेपेला मुखरूची टपरीही गप्प होती. लालसूने दिवाळीला नव्या धानाची पायली दरवर्षीसारखी आणून दिली, पडवीत ठेवली, पाणी प्यायला आणि गेला. मास्तर त्या पायलीकडे दिवसभर बघत बसला. लालसूने दोन शिव्या हासडल्या असत्या तर त्याला जेवण गेलं असतं.

टोलीत एक रीत आहे. ज्याला वाघाने नेलं त्याच्या झाडाखाली, तो मोसम धरून तीन मोसम कोणी टोपली लावत नाही. झाड त्या माणसाचंच राहतं. त्याचा मोह त्याच्यासाठी पडतो आणि तिथेच सडतो. बुधरीचं झाड मोठं, टपोऱ्या फुलांचं. मार्चअखेरीला वारा बोडीकडून आला की आंबूस गोड वास सगळ्या टोलीवर पसरे आणि मास्तर खिडक्या लावून घेई. आशाबाई उकाड्याने तळमळत म्हणे की वासाले का कडी लागते?

खिडकी लावून भागत नव्हतं. दिवेलागणीला तो बोरिंगजवळून निघाला की मागून आवाज येई. मोठा नाही, भीती घालणारा नाही. गुंड कमरेवर घेतलेल्या बाईचा, जरा दमलेला. हे खरं हाय का धड्यातलं? तो वळून बघे. बोरिंगचं दांडकं आणि काळी भिंत. पुढे घरोघरी नळ आले, बोरिंग आटली, तिथे कोणी उभं राहायचं कारण उरलं नाही. प्रश्न मात्र उभाच राहिला.

दुसऱ्या वर्षी त्याने एकदा हिंमत केली. पोरांचे पालक मागे लागले होते म्हणून भिंतीवर अगदी निरुपद्रवी वाक्य लिहिलं, आंबा गोड असू शकेल. 'मे'खाली लाल रेघ. सकाळी जाऊन पाहिलं तर प्रत्येक शब्दाखाली एक ओला ठिपका होता. बोरिंग वर्षापासून कोरडी, आभाळात ढग नाही, आणि ठिपके इतके ताजे की त्यातला एक अजून खाली ओघळत होता. मास्तरने सदऱ्याच्या बाहीने भिंत पुसली. त्यानंतर तिच्यावर लिहिलं नाही. कोणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर तिथे चिकटलं, ते त्याने राहू दिलं.

कारभाऱ्यांचा धडाही त्याने बंद केला. पडवीत काळ शिकवला, कर्तरी-कर्मणी शिकवलं, आणि तो धडा आला की दोन पानं एकदम उलटली. पोरांनी विचारलं तर म्हणे की तो सोपा आहे, तुमचा तुम्ही करा. तेवढ्यानेही भागेना. घरातही तो कोणाला 'कर' किंवा 'करू नको' म्हणेनासा झाला. पाऊस येईल का असं कोणी विचारलं तर आभाळाकडे बघे आणि आत निघून जाई, कारण येईल म्हणणंही एक वाक्य होतं आणि त्यावरही कोणी विचारू शकत होतं. भाजीत मीठ जास्त झालं तर गप्प खाई. आशाबाई शेजारणींना सांगे की लग्न होऊन अठ्ठावीस वर्षं झाली, नवरा इतका गुणी कवाच नव्हता, आणि मले त्याची लय भीती वाटून राह्यली.

यंदाच्या मार्चमध्ये तिसरा मोसम कधीच सरून गेलेला होता. बुधरीचं झाड मोकळं झालं होतं.

बुधरीची पोरगी दीपाली यंदा दहावीला होती. आई गेली तेव्हा सातवीत. तेव्हापासून मास्तरच्याच पडवीत शिकत आली. शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसे. मास्तर तिची वही तपासे, पण तिच्याकडे बघून बोलत नसे. शेवटचा पेपर झाला त्या आठवड्यातच मोह पडायला लागला. एका संध्याकाळी ती पडवीत आली, खांबाला टेकून उभी राहिली. मास्तर खुर्चीत. आत आशाबाईने भांडी घासणं थांबवलं, कारण तिला भांड्यांपेक्षा बाहेरचं बोलणं महत्त्वाचं वाटलं.

दीपाली म्हणाली, "सर, इंग्लिशच्या पेपरात मोडलचा प्रश्न आला होता. मी सोडून आली."

मास्तरचा चेहरा पडला. त्याने खाली बघत सांगितलं की चूक माझी आहे, तो धडा मीच घेतला नाही.

"नाई सर. मले येत होतं. 'यू गाळलेली जागा नॉट गो निअर द लेक.' मस्ट लिवाचं होतं. पेन टेकलाच नाई."

मग ती जे बोलली ते तीन वर्षांत तिने बापालाही सांगितलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती आईसोबत बोरिंगवर होती. आईने ओल्या बोटाने सतरावं वाक्य पूर्ण वाचलं. सगळे हसले, ती हसली नाही. गुंड कमरेवर घेऊन ती दीपालीला घेऊन सरळ मास्तरच्या घरी आली. दाराला कुलूप. आई कुलपासमोर थोडा वेळ उभी राहिली. विचारायला मास्तर नव्हता, तर शिकलेली म्हणून तिने पोरीलाच विचारलं.

"मले म्हने, तू तं शिकतेस, तू सांग. हे खरं हाय का धड्यातलं?" दीपाली खांबाचा रंग नखाने खरवडत होती. "मी म्हनलं, आई, नंबर टाकला हाय, लाल रेघ हाय. धड्यातलं हाय."

आत आशाबाईच्या हातातलं ताट खाली पडलं.

 तीन वर्षं तो समजत होता की तो प्रश्न त्याच्या एकट्याच्या मागे लागलाय. तोच प्रश्न या पोरीच्या उशाशीही बसला होता, आणि ती रोज त्याच्याच पडवीत येऊन काळ आणि कर्तरी-कर्मणी शिकून जात होती. तो खुर्चीच्या हातावर हात घासत राहिला.  दीपालीने जाता जाता सांगितलं की तीन मोसम झाले, उद्या पहाटे आईच्या झाडाखाली टोपली लावते. आजी म्हणते पहिली टोपली पोरीनेच लावली पाहिजे. आणि ती गेली.

तिची पावलं वळणावर पोचली नसतील तोवर धनराज गार्डची मोटारसायकल आली. तीन वर्षांत धनराज जाड झाला होता, मोटारसायकल तीच होती. बोडीवरच्या कॅमेऱ्यात आजच वाघीण आली आहे, सोबत दोन पिल्लं. मोबाईलवर मेसेज टाकलाय, पण तुमच्या टोलीत टॉवर पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय पकडत नाही. मला अजून दोन टोल्या करायच्या आहेत. असं सगळं एका दमात बोलून तो थांबला. त्यालाही ती जुनी संध्याकाळ आठवली असावी, कारण पुढचं त्याने हळू आवाजात सांगितलं, "मास्तर, यावेळी थाळी वाजवाल नं?"

मास्तर उठला. खडूचा डबा माळ्यावर होता, खडू दगडासारखे झालेले. लाल खडू त्याच्या हाताला लागला. त्याने तो परत ठेवला. एक पांढरा घेतला आणि बोरिंगकडे चालू लागला. आशाबाई थाळी आणि पळी घेऊन मागून निघाली. 

भिंतीवरचं पोस्टर त्याने ओढून काढलं. खालचा काळा रंग पोपडे धरून उडालेला, तरी पुरेसा होता. उजेड जात चालला होता. बोडीकडून वारा आला आणि वासही आला, या वर्षीच्या ताज्या फुलांचा. त्याने लिहिलं. इंग्रजी नाही, नंबर नाही, रेघ नाही. उद्या बोडीकडे कोणी जायचं नाही. वाघीण आहे, दोन पिल्लं आहेत. धनराज गार्ड आज सांगून गेला.

खडू थांबला आणि मागून आवाज आला. जरा दमलेला, कमरेवर वजन असल्यासारखा. मास्तर, हे खरं हाय का धड्यातलं?

तीन वर्षांत हा प्रश्न आला की त्याने पाय उचलले होते. यावेळी तो वळला नाही, हललाही नाही. भिंतीकडे तोंड करूनच बोलला.

"खरं हाय, बुधरीबाई. तवाबी खरंच होतं."

आशाबाई दहा पावलांवर उभी होती. पुढे तिने शेजारणींना सांगितलं की मले दुसरा आवाज आला नाई, पन यांनी बोलनं संपवलं आणि बोरिंगचं दांडकं आपोआप एकदा वरखाली झालं. शेजारणींपैकी निम्म्यांनी ते मानलं. बाकीच्या म्हणाल्या की वारा होता. वाऱ्याने दांडकं हलताना मात्र त्यांच्यापैकी कोणी कधी पाहिलेलं नाही.

मग मास्तरने वाक्याखाली आणखी एक ओळ लिहिली, 'हे खरं आहे', आणि थाळी घेतली. पहिल्यांदा पळी मारली तेव्हा नेम चुकला, दुसऱ्यांदा टोली हलली. घरोघर तो दारात उभा राहून तेच वाक्य म्हणे आणि समोरचा मान हलवेपर्यंत पुढे जात नसे. फाट्यावरची टपरी बंद करून घरी आलेल्या मुखरूने दारात तोंड उघडलं. तोंड उघडलं की थट्टाच बाहेर येते, चाळीस वर्षांची सवय. त्याने मास्तरचा चेहरा पाहिला आणि तोंड मिटलं. टपरीवरून आणलेलं उरल्या भज्यांचं ताट घेऊन, त्यातली भजी तशीच ओट्यावर ओतून, तो दुसऱ्या गल्लीत बडवत गेला.

लालसूचं घर टोलीच्या टोकाला. अंगणात पहाटेची तयारी मांडलेली होती; खराटा, काडेपेटी, आणि एक जुनी बांबूची टोपली, काठाला निळ्या चिंधीने बांधलेली. बुधरीच्या टोपलीची ती चिंधी मास्तरने ओळखली. दीपाली उंबऱ्यावर बसून होती. थाळी तिने लांबून ऐकली असणार. मास्तर अंगणात थांबला आणि ते वाक्य म्हणाला. म्हणताना त्याची मान झुकली नाही.

पोरीने त्याच्याकडे बघितलं. आईसारखंच, डोकं जरा वर करून, डोक्यावर गुंड असल्यासारखं.

"सर, हे खरं हाय का धड्यातलं?"

"खरं आहे."

ती उठली. टोपली उचलून तिने घरात, भिंतीशी उपडी ठेवली. परत उंबऱ्यावर आली. तवा मी धड्यातलं म्हनली होती, एवढंच ती कशीबशी बोलली.

मास्तर म्हणाला, "तू बरोबर वाचलंस, दीपाली. धड्यातल्यासारखंच लिहिलं होतं मी. लिहिणाऱ्यानं चूक केली, वाचणाऱ्यानं नाही."

लालसू दाराच्या आत उभा होता. त्याला ही गोष्ट आज पहिल्यांदा कळत होती. तो बाहेर आला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मास्तरच्या हातातली थाळी घेऊन पुढच्या वस्तीकडे स्वतः वाजवत निघाला.

सकाळी बोडीकडे कोणी गेलं नाही. दुपारी धनराजने मोबाईलवर फोटो आणून दाखवला. उजाडतानाचा होता. बुधरीच्या झाडाखाली, पडलेल्या फुलांच्या थरावर वाघीण आडवी पडलेली, आणि एक पिल्लू फुलांत तोंड घालून बसलेलं. फोटो हातोहात फिरला. दीपालीने तो सगळ्यांत जास्त वेळ धरला आणि परत दिला. टोलीने आपसात ठरवलं की यंदाचाही मोसम झाडाचाच. चौथा मोसम सोडायची रीत नाही, पण रीतीचा विषय कोणी काढला नाही.

त्या सकाळी, फोटो येण्याच्याही आधी, मास्तर भिंतीपाशी गेला होता. प्रत्येक शब्दाखाली एक ओला ठिपका होता. 'उद्या'खाली, 'बोडीकडे'खाली, 'वाघीण'खाली, पुढे सगळ्या शब्दांखाली. शेवटच्या ओळीत 'हे' आणि 'खरं' यांच्याखालीही. 'आहे'खालचा ठिपका जरा मोठा होता, बोट तिथे थोडं जास्त टेकलं असावं. मास्तरने बाही वर केली, आणि मग खाली केली. पुसलं नाही.

मेमध्ये त्याने पडवीत कारभाऱ्यांचा धडा घेतला, तीन वर्षांत पहिल्यांदा. दीपाली दहावी देऊन मोकळी झालेली, तरी येऊन खांबाला टेकून बसली. शुड हॅव शिकवताना मास्तर अडखळला. करायला हवं होतं, पण केलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. उदाहरण त्याने मुखरूचं दिलं नाही, स्वतःचं दिलं, थाळीचं. पोरांनी ते वहीत उतरून घेतलं.

भिंतीचे आता दोन भाग आहेत, मधून उभी रेघ. डाव्या बाजूला वर लिहिलंय 'खरं', उजव्या बाजूला 'धड्यातलं'. मुखरूची तक्रार आहे की उजव्या बाजूला पुन्हा सगळे वडे त्याच्याच नावावर आहेत. आशाबाई मिठावरून पुन्हा बोलणी खाते आणि शेजारणींना सांगते की बरं वाटते.

ठिपके अजून पडतात. उजव्या बाजूला कधी नाही. डाव्या बाजूला, धनराज सांगून गेला की त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शेवटच्या शब्दापर्यंत. नळ आल्यापासून बोरिंग कोरडीच आहे.